मानशीवरचा माणूस

सरांना पेपर वाचून दाखवायचा तर आतून सुरुवात करायची. पहिलं पान त्यांना नकोच असायचं. "ते होऊन गेलंय," म्हणायचे. "जे व्हायचंय ते आत असतं. खालच्या कोपऱ्यात, बारीक टाइपात. तिथून वाच, मालनताई."

मग मी हात पदराला पुसून सोप्यावर, म्हणजे ओसरीतल्या त्या दगडी बैठकीवर, त्यांच्या समोर बसायची आणि वाचायची. डॉलरचा भाव, कच्चं तेल, जपानच्या बँकेनं व्याज वाढवलं की नाही वाढवलं. माझी शाळा आठवीत सुटलेली, चंदगडकडच्या आमच्या गावात. सुटली म्हणजे सोडवली, पण ते राहू दे. गोव्यात आले ती ह्यांच्या मागून. ह्यांना डिचोलीच्या एका कारखान्यात काम लागलं, आणि मला सरांच्या घरी स्वयंपाकाचं. सरांच्या डोळ्यांत पडदा वाढत होता, म्हणून स्वयंपाकाबरोबर पेपर आला. 'चलनवाढ', 'तूट', 'रोखे' असले शब्द मी अडखळत वाचायची आणि सर डोळे मिटून ऐकायचे. चुकलं तर हसायचे नाहीत. "परत वाच. घाई नाही. घाई त्यांना आहे," म्हणायचे. 'त्यांना' म्हणजे बाजारात पैसा फिरवणाऱ्यांना, हे कळायला मला पुष्कळ दिवस लागले. आज मी हे चार शब्द लिहितेय ते त्या सोप्यावरचं शिक्षण.

सर म्हणजे डॉक्टर रघुवीर माजीक. गावात सगळे रघुभाय म्हणायचे. नोटांवर जिचं नाव असतं त्या मुंबईतल्या मोठ्या बँकेत त्यांनी अर्धं आयुष्य काढलं, आणि उरलेलं वॉशिंग्टनमधल्या एका संस्थेत. ती संस्था देशांना कर्ज देते आणि कर्जाबरोबर सल्ला देते. बायको गेल्यावर ते डिचोली तालुक्यातल्या आपल्या गावी परत आले. गावात समज असा की रघुभाय नोटांवर सही करायचे. कितीतरी लोक नोट घेऊन यायचे आणि विचारायचे, "ही तुमची काय?" सर म्हणायचे, "न्हय रे, हांव सही करपी न्हय. सही करप्याक काय बरोवंचें तें सांगपी." म्हणजे सही करणाऱ्याला काय लिहायचं ते सांगणारा. माणसाचा चेहरा लगेच पडायचा. सही नाही तर मग एवढा मोठा कसला?

हाच प्रश्न त्यांना त्यांच्या आईनं विचारला होता. वडील गावच्या मानशीवर होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नदीला भरती आली की खारं पाणी वर चढतं. ते भातशेतीत घुसू नये म्हणून बांध असतो, आणि बांधाला लाकडी दारं असलेलं तोंड असतं, ती मानस. ओहोटीला दार उघडायचं, आतलं पाणी बाहेर. भरतीला मिटायचं. आईनं विचारलं, "बाबा, तुझो बापूय मानशीर बसतालो तें सगळ्यांक कळतालें. तूं कितें करता?" सर तेव्हा मुंबईत मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांनी सांगायचा प्रयत्न केला. आई ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "बरें, जेव."

"गेली तरी तिला कळलं नाही," सर सांगायचे. "आणि दोष तिचा नव्हता. ज्या कामाचा अर्थ आईला सांगता येत नाही, त्या कामात कुठंतरी खोट असते. मी मराठीत विचार करायचो, इंग्रजीत लिहायचो आणि कोणालाच कळणार नाही अशा बेतानं लिहायचो. त्याचाच पगार होता." बँकेच्या पत्रकातलं एक वाक्य लिहायला म्हणे आठवडा जायचा. 'काळजी आहे' म्हणायचं की 'लक्ष ठेवून आहोत' म्हणायचं? काळजी म्हटलं तर बाजार पडणार. "खरं बोललं की खरं होतं, अशी ती नोकरी," म्हणायचे. म्हातारपणी त्यांची एकच इच्छा उरली होती. आपल्या भाषेत, आपल्या माणसाला, कळेल असा एक शब्द सांगायचा, आणि त्यानं तो ऐकायचा. एवढंच. वाचायला सोपं वाटतं. मी बघितलंय, किती अवघड गेलं त्यांना ते.

त्यांची एक सवय मला सुरुवातीला अपमानासारखी वाटायची. स्वयंपाक मी करायची, भांडी मी, कपडे मी, पण शर्टाला इस्त्री ते स्वतः करायचे. मेजावर जुनी चादर घालून, खिडकीजवळच्या उजेडात, दिसत नसताना बोटांनी चाचपून. कॉलर पोळायची, बोटं पोळायची. एकदा ते आंघोळीला गेले असताना मी शर्ट घेतला आणि करून ठेवला. बाहेर आले, शर्ट हातात घेतला, कडक घडी बोटांना लागली तसा आवाज चढला. "कोणी सांगितलं होतं तुला?" मी घाबरूनच गेले. मला वाटलं गेली नोकरी, आता ह्यांना काय सांगू, पोरीच्या शाळेचं काय. माझं डोकं असंच चालतं, दाराची कडी वाजली तरी मला वाईट बातमीच वाटते.

ते सोप्यावर बसले. मलाही बसायला सांगितलं. मग सांगितलं.

आशियातला एक देश. नाव त्यांनी कधी सांगितलं नाही. सर तिथं संस्थेतर्फे गेले होते. तिथल्या बँका आतून पोखरलेल्या. त्याच्या आधी काही वर्षं सरांच्याच संस्थेनं त्या देशाला सांगितलं होतं, दारं उघडा, जगाचा पैसा आत येऊ द्या. "दारं उघडाच नव्हे, मालनताई, दारं काढूनच टाका म्हणत होतो आम्ही. मानशीवाल्याचा पोरगा मी! पाणी आलं की मासळी येते, हे लिहिलं. पाणी खारं असतं, हे लिहायचं राहिलं." पैसा आला तसा एका झटक्यात परत निघाला. येत्या सोमवारी बँका बंद ठेवायच्या, हे सर आणि आणखी मोजके लोक जाणत होते. हॉटेलात एक बाई त्यांच्या शर्टांना इस्त्री करून खोलीत आणून द्यायची. त्या दिवशी शर्ट ठेवले आणि ती दाराशीच उभी राहिली. तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाली, साहेब, तुम्ही बँकेचे मोठे माणूस. माझे पैसे बँकेत आहेत. राहू देऊ की काढू?

"मग?" मी विचारलं.

"मग काय? मी तेच बोललो जे बोलायची परवानगी होती. काळजीचं कारण नाही म्हटलं. ती माझे आभार मानून गेली." सरांनी मांडीवरचा शर्ट बाजूला ठेवला. "सोमवारनंतर शर्ट दुसऱ्याच बाईनं आणले."

त्यानंतर मी त्यांच्या शर्टाला हात लावला नाही.

रविवारी हे सरांची जुनी गाडी काढायचे. सरांना समुद्र हवा असायचा, तोही पणजीकडचा नको, पेडण्याच्या टोकाचा, केरीचा. वाटेत सर काजूच्या डोंगरांना घातलेली नवी कुंपणं मला विचारायचे, कारण त्यांना नीट दिसायची नाहीत. "हे आणखी एक का?" मी हो म्हटलं की म्हणायचे, "अमेरिकेत व्याज शून्यावर आणलं की पेडण्यात डोंगराला गेट लागतं. स्वस्त पैसा जमीन शोधत येतो. मधे बरीच वळणं आहेत, पण रस्ता तोच." हे मान हलवायचे. मला ठाऊक होतं, ह्यांना काही कळलेलं नाही.

केरीला किनाऱ्यावर बाबलो नावाच्या माणसाचा खाण्यापिण्याचा शॅक होता. एका मोसमात गेलो तर सगळ्या खुर्च्या रिकाम्या. बाबलो कपाळाला हात लावून बसलेला. रशियन पर्यटक आलेच नव्हते. त्यांच्या पैशाची किंमत पडली होती. सरांना चेव चढला. त्यांनी मीठ-मिरीच्या बाटल्या मांडून सांगायला घेतलं. ही तेलाची किंमत, हा रूबल, ही त्यांची मध्यवर्ती बँक, इथं व्याज वाढवलं, तिथं पैसा पळाला. बाबलो सगळं मन लावून ऐकत होता. सर थांबले तेव्हा म्हणाला, "म्हणजे हें कोणें तरी तुमच्याच सारक्यान केलां न्हय? थंय बसून? आनी हांगा म्हजीं कदेलां रितीं!" आणि रिकाम्या खुर्च्यांकडे हात केला.

सरांनी बाटल्या परत जागच्या जागी ठेवल्या. गाडीत बसल्यावर ह्यांना म्हणाले, "दत्ता, त्याला सगळं कळलं बरं का. मला वाटलं त्यापेक्षा जास्त."

पण गावात मात्र त्यांचं कोणी ऐकलं नाही. देवस्थानची गोष्ट तीच.

डिचोलीच्या बाजारात काचेच्या दारांची एक पतसंस्था आली होती. व्याज सगळ्यांपेक्षा जास्त. देवस्थानकडे नवीन सभामंडपासाठी वर्षानुवर्षं जमवलेली ठेव होती, ती सरकारी बँकेत झोपलीय, तिथं नेऊन ठेवू, असं अध्यक्ष पुंडलिक गावकरांच्या मनात आलं. महाजनांची, म्हणजे देवळाच्या मानकऱ्यांची, बैठक बसली. सरांना मानानं बोलावलं. मी पाण्याची बाटली घेऊन मागं बायकांत बसले होते.

सरांनी तयारी केली होती. आदल्या दिवशी माझ्यासमोर सोप्यावर बोलून बघितलं होतं, तेव्हा फार छान बोलले होते. म्हणाले होते, "व्याज म्हणजे थांबण्याचं भाडं. तुम्ही थांबता, म्हणून समोरचा भाडं देतो. कोणी बाजारापेक्षा फार जास्त भाडं देत असेल, तर त्याला तुमची गरज आहे आणि घाई आहे. घाईतल्या माणसाकडे आपली वस्तू ठेवू नये." मला सुद्धा कळलं होतं. पण माणसं समोर येऊन बसली, अध्यक्षांनी हार घातला, आणि सरांच्या तोंडात तीच जुनी नोकरी आली. एकेक बाजू सांगताना एकेक हात पुढं करत होते. "एका बाजूनं पाहिलं तर परतावा आकर्षक आहे. दुसऱ्या बाजूनं तरलतेचा धोका संभवतो. अर्थात निश्चित विधान करणं उचित होणार नाही." मी मागून मनात म्हणत होते, सर, ते भाड्याचं बोला, भाड्याचं! ते काही त्यांना आठवेना.

"रघुभाय," पुंडलिकराव म्हणाले, "तुमी दोनूय वटेन उलयतात. दवरूं काय नाका, तें सांगात." ठेवायची की नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

"माझ्या मते सावधगिरी..."

"म्हणजे नाका?"

"नाका असं मी म्हणत नाही. पण..."

मागून कोणीतरी म्हणालं, "ह्या रघुभायाक एक हात कापून दिवपाक जाय. म्हणजे दुसरी बाजू दाखोवंक मेळची ना!" सगळी बैठक हसली. सरही हसले, पण कान लाल झाले होते.

शेवटी ठरलं तेच जे आपल्याकडे ठरतं. देवाक विचारूंया. रवळनाथाला प्रसाद लावायचा. मूर्तीच्या दोन्ही अंगांना पाण्यानं फुलाच्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. गुरवानं हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, तुझीं लेकरां तुझी ठेव नव्या जाग्यार दवरूंक सोदतात..." आणि प्रत्येक वाक्याला सगळे "व्हय म्हाराजा!" अख्खा गाव श्वास धरून दगडाच्या मूर्तीकडे बघत होता. सरांना दिसत नव्हतं, तरी तेही बघत होते. माझा हात घट्ट धरला होता.

डावी पडली.

ठेव होती तिथं राहिली. बाहेर चपला घालताना सर पुंडलिकरावांना म्हणाले, "बरें जालें." त्यावर पुंडलिकराव, माणूस वाईट नाही, पण पटकन बोलून गेले, "देवान ना म्हणलां, रघुभाय. तुमी म्हणलां म्हूण न्हय हां."

घरी येऊन सर सोप्यावर टेकले. मग एकदम म्हणाले, "मुंबईत आम्ही हेच करायचो. फक्त फुलं नव्हती. सगळा देश टीव्हीसमोर बसून बघायचा, पाकळी उजवी पडते की डावी." चहा दिला तो तसाच गार झाला. "आणि चूक पण तीच. गुरवानं विचारलं, ठेवू का. विचारायला हवं होतं, कोणाच्या हातात ठेवतोय? प्रश्न कच्चा असला तर देव तरी काय करणार? आम्ही महागाई किती, महागाई किती, एवढंच विचारत बसलो. कोण कोणाच्या जिवावर कर्ज काढतोय, हे विचारलंच नाही. उत्तरं मात्र बरोबर यायची. दशांश चिन्हापर्यंत बरोबर."

आता ह्यापुढचं ऐका. कोणालाही वाटेल की ती पतसंस्था बुडाली असेल आणि गावानं सरांचे पाय धरले असतील. तसं काही झालं नाही. पतसंस्था बुडाली नाही. शेजारच्या गावच्या देवस्थानानं आपली ठेव तिथं ठेवली, आणि व्याजातून त्यांचा सभामंडप उभा राहिला. ग्रॅनाइटची फरशी, वर झुंबर. आमच्या गावचा अजून पत्र्याचा. नाटकाच्या दिवशी पाऊस आला की पत्र्यावर इतका आवाज होतो की नटाचं बोलणं ऐकू येत नाही, आणि मग कोणीतरी हमखास ओरडतं, "रघुभायाक सांगात, तरलता जाल्या!"

नाही तर देवानंच म्हटलं होतं ना? पण टोमणा देवाला मारता येत नाही. तो सरांना.

मला फार राग यायचा. मी एकदा म्हटलं, "सर, तुम्ही सांगा ना त्यांना, की बुडू शकली असती."

"बुडू शकली असती, हे कसं दाखवणार? बांध फुटला तर मानशीवाल्याला शिव्या. नाही फुटला तर म्हणणार, ह्याला पगार कशाला देतो आपण? माझे वडील हे ऐकत मेले. मी पण ऐकतोय." मग अगदी हळू आवाजात, "आणि मालनताई, कदाचित मी चुकत असेन. ती पतसंस्था चांगली पण असेल. मला ठाऊक नाही. हेच तर कोणाला सांगता येत नाही, की मला ठाऊक नाही, तरीपण नको."

माझं काय, मी त्यांचं ऐकलं होतं. पोरीला नर्सिंगला घालायचंय, त्यासाठी बाजूला टाकलेले पैसे मी त्या काचेच्या दारात नेले नाहीत. पोस्टात टाकले. शेजारणी हसल्या. मी सरांना सांगितलं, वाटलं खूश होतील. ते म्हणाले, "तू ऐकलंस ते मी धरत नाही. तू माझ्याकडे कामाला आहेस. तुला भीती पण वाटते." खरं होतं. तरी मला लागलं ते.

त्यानंतर शेवंतीचं झालं. शेवंती केरीकडची, नुस्तें, म्हणजे मासळी, विकायला डिचोलीला बसनं यायची आणि बाजार उरकला की आमच्या गावात पाटी घेऊन फिरायची. सरांचे बांगडे तिच्याकडचे. तिचा नवरा गेला होता, आणि तिनं त्याची होडी विकली होती. पोरगा समुद्रावर जायला तयार नव्हता. होडीचे आलेले पैसे कुठं ठेवायचे, हे तिनं पाटी उतरवून सोप्याच्या पायरीवर बसून विचारलं. "रघुभाय, त्या काचेच्या बँकेंत दवरूं? सगळीं दवरतात."

मी आत चूल सोडून दारात आले. मला तो हॉटेलचा दरवाजा आठवला. सरांनाही आठवला असणार, कारण ते सरळ बसले. आता सांगतील, मला वाटलं. पण त्यांना इतकं नीट सांगायचं होतं, इतकं पुरं सांगायचं होतं, की ते परत मुळापासून निघाले. बँक म्हणजे काय, पतसंस्था म्हणजे काय, तिच्यावर देखरेख कोणाची, विमा कशाला असतो. शेवंती ऐकत होती. ऊन सरकत पाटीवर आलं. ती उठली. "रघुभाय, म्हज्या नुस्त्याक वत लागता," म्हणाली, बांगडे टाकले आणि गेली.

सरांनी काठी आपटली. एकदाच. "परत! परत तेच केलं मी!"

त्यानंतर त्यांची तब्येत खाली खाली गेली. परदेशातल्या मुलीनं तिकीट पाठवलं. बाबा, आता एकटं राहायचं नाही. सरांना जायचं नव्हतं, पण डोळे जवळजवळ गेले होते आणि इस्त्रीनं एकदा चादर पेटली होती. तिकडे गेले आणि पुढच्या पावसाळ्यातच वारले. मुलीचा फोन मलाही आला, हे मी विसरणार नाही. गावात शोकसभा झाली, त्याच पत्र्याखाली. पुंडलिकराव भरून आल्यासारखे बोलले, "आमच्या गावच्या सुपुत्राची सही देशाच्या नोटांवर होती." मी उठून सांगणार होते, नव्हती. पण मी घाटावरची, आठवी शिकलेली, परक्या गावात कोणासमोर बोलणार? बसून राहिले. सरांना नक्की काय येत होतं आणि काय सांगायचं होतं, हे त्या सभेत एकालाही ठाऊक नव्हतं.

पतसंस्था अजून चालू आहे. बाजारात गेले की मी बघते, काचेचं दार उघडं आहे ना. उघडं दिसलं की बरं वाटतं, आत माझ्या ओळखीच्या बायकांचे पैसे आहेत. आणि दुसऱ्याच क्षणी सरांसाठी वाईट वाटतं. दोन्ही एकदम वाटतं, आणि मग माझाच मला राग येतो.

सर शेवटचे मला दिसले ते ह्याच दारासमोर. म्हणजे नंतर विमानतळापर्यंत मी गेले होते, पण तिथं सरांचे जावई होते, गर्दी होती, चाकांच्या खुर्चीत बसवून त्यांना नेलं, ते दिसणं काही खरं नाही.

मोप्याच्या विमानतळाकडे निघालो होतो. गाडी डिचोलीच्या बाजारातून जात होती. मी पुढं बसले होते. पतसंस्थेसमोर गाड्या अडकल्या आणि मला पायऱ्यांवर शेवंती दिसली. दारातून बाहेर पडत होती, रिकामी पाटी काखेला, एक कागद दुमडून पदरात बांधत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "शेवंती."

"कुठं?" सर म्हणाले.

मी सांगितलं. त्यांनी दार उघडलं. हे "सर, सर, विमान!" म्हणत राहिले. मी पळत जाऊन त्यांचा दंड धरला. त्या दिवशी इस्त्री सामानात बांधलेली, शर्ट चुरगळलेला. काठीनं पायरी चाचपत ते वर चढले आणि पहिल्या पायरीवरच थांबले.

"शेवंती, सगळे दवरले?"

"सगळे," ती म्हणाली.

मी मनात म्हणत होते, देवा, आता मुळापासून नको.

"अर्दे," सर म्हणाले. "अर्देच दवरपाचे. अर्दे हांगा, अर्दे पोस्टांत."

एवढंच. बाकी काही नाही. एका बाजूनं नाही, दुसऱ्या बाजूनं नाही.

शेवंती त्यांच्याकडे बघत राहिली. मग हात कमरेवर ठेवून म्हणाली, "आनी हें आदीं सांगूंक जालें ना तुमकां? त्या दिसा इतलें उलयले! आतां पावती फाडली मरे."

"मुदत केन्ना भरता?"

"चवथीच्या आदीं. येत्या वर्सा."

"तेन्ना अर्दे काड."

"काडटां," ती म्हणाली. असं म्हणाली, जसं बाजारात भाव पटला की म्हणतात. "पूण तुमी खंय भायर सरले? म्हजे बांगडे कोण घेतलो?"

मागं गाड्यांचे भोंगे वाजायला लागले होते. मी सरांना खाली उतरवत होते आणि ते हसत होते, दात नसलेल्या बाजूनं, लहान मुलासारखे. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. "उशीर झाला, मालनताई," म्हणाले. "आम्ही नेहमीच उशिरा पोचतो." गाडीत बसल्यावर काच खाली करायला सांगितली आणि जिथं शेवंती उभी असेल असं त्यांना वाटत होतं तिकडे तोंड करून बघत राहिले. ती दुसऱ्या बाजूला उभी होती. मी त्यांना सांगितलं नाही. तिनं मात्र रिकामी पाटी उचलून हलवली, आणि सरांनी त्याच वेळी, न बघता, हात वर केला.

गणपतीची चवथ जवळ आली आहे. काल शेवंती दारावर आली तेव्हा मी काही विचारायच्या आधीच पाटी उतरवून म्हणाली, "मालन, पोस्टांत कागद कितें लागतात गे?"